क्रशर घेण्यापूर्वी दगड ओळखा

कापड, भंगार, वाहतूक किंवा बांधकामाच्या धंद्यातून चार पैसे गाठीला जमले की ते खडीच्या क्रशरमध्ये घालावेत, असा विचार आजकाल अनेकजण बोलून दाखवतात. रस्त्यांची कामे निघतात, इमारती उठतात, नदीच्या वाळूवर निर्बंध आले आहेत. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कृत्रिम वाळूचे धोरणही जाहीर केले. मागणी डोळ्यांना दिसते, त्यामुळे धंदा सोपा वाटतो.

पण क्रशर म्हणजे दुकान नव्हे. दुकानातला माल खपला नाही तर तो परत करता येतो, नाहीतर सवलतीत काढता येतो. पंधरा-वीस टनांचे लोखंड काँक्रीटच्या पायावर एकदा बसले की ते परत फिरत नाही. म्हणून या धंद्यात पैसे घालू इच्छिणारे व्यापारी, आणि क्रशरची वेल्डिंग, टर्निंग, ओतकाम, मोटर वाइंडिंग अशी कामे करणारे आपले कारागीर, या दोघांनाही उपयोग व्हावा अशा बेताने ही माहिती मांडत आहे.

लोक सर्वात आधी विचारतात, "कोणत्या कंपनीचा क्रशर चांगला?" हा प्रश्न शेवटी विचारायचा आहे. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. दगड कोणता? त्यातून कोणता माल विकायचा? आणि रोज किती? या तिन्हींची उत्तरे हातात नसतील, तर चांगल्यात चांगली मशीनही आपल्या खाणीवर खराब ठरते.

दगडाची जात

कापड घेताना आपण आधी सूत पाहतो, मग रंग. इथे आधी दगड पाहायचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. हा दगड फार चिवट. दगड दळायला किती वीज लागते हे मोजण्याची एक पद्धत फ्रेड बॉण्ड या अमेरिकन अभियंत्याने १९५२ मध्ये मांडली आणि ती आजही जगभर वापरली जाते. तिच्या सरासरी तक्त्यात चुनखडीचा आकडा १२ च्या आसपास आहे, तर बेसाल्टचा २० च्या आसपास. म्हणजे चुनखडीवर उत्तम चाललेली मशीन काळ्या पाषाणावर तेवढाच माल देईल असे समजणे म्हणजे मलमलीच्या हिशेबाने ताडपत्री शिवायला घेण्यासारखे आहे.

एकाच टेकडीतला काळा दगडही सारखा नसतो. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा दगड तयार झाला. काही थर घट्ट असतात. काहींमध्ये बुडबुड्यांची भोके असून त्यांत पांढरे खनिज भरलेले असते, तो दगड कमी ताकदीचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा लागतो. ही माती पावसाळ्यात चाळणीला चिकटून अख्खा प्लांट बंद पाडते. अशी खाण असेल तर क्रशरच्या आधी माती वेगळी करणारी जाड गजांची जाळी हवीच. मशीनच्या किमतीत ती धरली आहे का, हे विचारून घ्यावे.

राज्याच्या कडेला दगड बदलतो. नांदेडच्या देगलूर बाजूला आणि सिंधुदुर्गच्या काही भागात ग्रॅनाइटच्या जातीचा दगड आहे. त्यात गारगोटी असते आणि ती लोखंड कानसेसारखी खाते. चंद्रपूरकडे चुनखडी आहे. भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मॉईल या सरकारी कंपनीच्या खाणी सर्वांना ठाऊक आहेत.

खनिज आणि खडी यांच्या हिशेबात एक मोठा फरक आहे. खडीच्या प्लांटवर बारीक भुकटी निघाली तरी तिला काही ना काही गिऱ्हाईक मिळते. मँगनीजच्या खनिजात भट्टीला ढेकूळ हवे असते आणि भुकटीला भाव कमी. तिथे दगडावर हातोडे मारून चुरा करणारी मशीन घेतली तर मालकाचा पैसा भुकटीतून वाहून जातो. म्हणून कोणत्या खनिजासाठी काय विकायचे आहे, हे आधी कागदावर लिहावे.

चार प्रकारच्या मशीन

पहिली जॉ क्रशर, म्हणजे जबडा. एक जबडा स्थिर, दुसरा हलता, मध्ये दगड चावला जातो. हिचा इतिहास आपल्यापैकी कापसाच्या धंद्यातल्यांना गंमतीचा वाटेल. कापसातून सरकी वेगळी करणारे जिन अमेरिकेत एली व्हिटनी याने १७९३ मध्ये बनवले. त्याच्या पुतण्या-भाच्यांपैकी एकाचे नाव एली व्हिटनी ब्लेक. न्यू हेवन इथे रस्त्याला खडी घालण्याच्या कामावर देखरेख करताना माणसे हातोड्याने दगड फोडत बसलेली त्याने पाहिली. त्यातून त्याने दगड फोडण्याचे यंत्र तयार केले आणि १८५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजच्या जॉ क्रशरचा मूळ सांगाडा तोच आहे. याचा अर्थ, या मशीनमध्ये आता कोणाकडे काही गुपित उरलेले नाही. फरक पडतो तो लोखंड, बेअरिंग आणि जुळणीतल्या सचोटीचा.

जबड्याचे दोन प्रकार मिळतात, सिंगल टॉगल आणि डबल टॉगल. सिंगल टॉगल हलकी, स्वस्त आणि तेवढ्याच आकारात जास्त माल देणारी. पण तिचा जबडा दगड दाबता दाबता घासतोही, त्यामुळे प्लेट लवकर झिजते. डबल टॉगल जड आणि महाग, मात्र फार कठीण आणि खरखरीत दगडासाठी टिकाऊ. आपल्या खडी धंद्यात बहुतेक ठिकाणी सिंगल टॉगल चालते. गारगोटीचे खनिज फोडायचे असेल तर दोन्हींचा हिशेब मांडून पाहावा.

दुसरी कोन क्रशर. जबड्यातून आलेला तीन-चार इंची दगड ती एक इंच आणि त्याखाली आणते. काळ्या पाषाणासाठी ही उत्तम. पण तिचे पोट सतत भरलेले असावे लागते. अर्धपोटी चालवली तर खडी चपटी निघते आणि आतले लायनर एका बाजूने झिजते. ज्यांच्याकडे दगडाचा पुरवठा तुटक आहे, त्यांनी कोनच्या आधी दगड साठवून सारखा सोडण्याची सोय करावी.

तिसरी इम्पॅक्टर किंवा हातोड्यांची मशीन. चुनखडी, कोळसा अशा मऊ मालासाठी चांगली. खडीला आकारही छान येतो आणि किंमत कमी. काळ्या किंवा गारगोटीच्या दगडावर मात्र तिचे हातोडे इतक्या वेगाने झिजतात की स्वस्ताई पहिल्या काही महिन्यांतच संपते.

चौथी व्हीएसआय. फिरणाऱ्या रोटरमधून दगड वेगाने फेकला जातो आणि दगडावर दगड आपटून फुटतो. कृत्रिम वाळू आणि चौकोनी खडी यासाठी हीच वापरतात. वीज भरपूर खाते आणि रोटरच्या टिपा वारंवार बदलाव्या लागतात. बांधकामाच्या खडी-वाळूचे भारतीय मानक, आय. एस. ३८३, २०१६ मध्ये सुधारले गेले आणि त्यात दगडापासून केलेल्या वाळूला रीतसर जागा मिळाली. त्यात चपट्या-लांबट खडीवर आणि बारीक भुकटीवर मर्यादा आहेत. वाळू विकायची तर धुण्याची किंवा भुकटी काढण्याची सोयही लागते, तिचा खर्च वेगळा धरावा.

एकाच मशीनमधून हवे ते सगळे निघेल, असे कोणी सांगितले तर सावध व्हावे. जबडा दगडाचा आकार साधारण चार ते सहा पटींनी कमी करतो, कोन तीन ते पाच पटींनी. दीड फुटाचा दगड एका चाव्यात पाऊण इंची खडी होत नाही. दोन टप्पे लागतातच, वाळू हवी असेल तर तीन.

कागदावरचे टन, गाडीतले ब्रास

विकणारा टनात बोलतो आणि आपण ब्रासमध्ये विकतो. इथेच बरीच फसगत होते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सुट्या खडीचे वजन घनमीटरला दीड टन किंवा थोडे जास्त भरते. म्हणून एक ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टनांचा होतो. ताशी १०० टन म्हणजे ताशी २२-२३ ब्रास, आणि त्यातही काही हिस्सा भुकटीचा असतो.

शिवाय तो १०० टनांचा आकडा कोणत्या सेटिंगचा आहे ते पाहावे. जबड्याच्या खालच्या बाजूची फट मोठी ठेवली की टन वाढतात आणि फट कमी केली की घटतात. माहितीपत्रकात बहुधा मोठ्या फटीचा आकडा ठळक छापलेला असतो. आपल्याला तीन इंचांच्या फटीवर माल हवा असेल, तर तीन इंचांचाच आकडा लिहून मागावा.

मशीनच्या तोंडाचे मापही नीट समजून घ्यावे. ३६ बाय २४ म्हणजे तोंड ३६ इंच रुंद आणि २४ इंच उघडे. त्यात २४ इंची दगड जात नाही. उघड्या मापाच्या ८० ते ८५ टक्के, म्हणजे १९-२० इंचांपर्यंतचा दगड सुखाने जातो. सुरुंगातून याहून मोठा दगड निघत असेल, तर तो तोंडावर अडकणार, मशीन थांबणार आणि कोणीतरी पहार घेऊन वर चढणार. अपघात होतात ते असेच. अडकलेला दगड मशीन पूर्ण बंद करून आणि वीज तोडूनच काढावा, हा नियम मालकाने स्वतः पाळून घ्यावा.

विजेचा हिशेब सोपा आहे. १०० अश्वशक्ती म्हणजे जवळपास ७५ किलोवॅट. पूर्ण भारावर तासाला ७५ युनिट. सगळ्या मोटरींची बेरीज करून, आपल्या वीजदराने गुणून, ताशी ब्रासने भागावे. दोन कंपन्यांची दरपत्रके या एका आकड्यावर तुलनेला ठेवली की बरेच काही उघड होते.

झीज : न दिसणारा खर्च

जबड्याच्या प्लेटा मँगनीज स्टीलच्या असतात. हा धातू रॉबर्ट हॅडफिल्ड याने इंग्लंडमधील शेफिल्ड इथे १८८२ मध्ये शोधला. त्यात साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज असते. त्याचा गुण असा की जितके ठोके बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो, आतला भाग मात्र चिवट राहतो. तापवून पाण्यात नीट थंड केला नाही, तर हाच धातू ठिसूळ होऊन तडकतो.

खरा माल ओळखण्याची एक साधी खूण आहे. नीट तयार केलेल्या मँगनीज स्टीलला लोहचुंबक धरत नाही. ओतकामाच्या वरच्या पातळ सालीला थोडेफार धरेल, पण घासलेल्या जागी धरू नये. साध्या पोलादाला रंग मारून दिले असेल, तर चुंबक घट्ट चिकटतो. खिशातला एक छोटा चुंबक असा हजारो रुपये वाचवू शकतो. मात्र चुंबकाने ओतकाम चांगले की वाईट हे कळत नाही, त्यासाठी फाउंड्रीचा तपासणी दाखला मागावा.

प्लेटची किंमत नगावर न मोजता ब्रासवर मोजावी. समजा एक प्लेट ६०,००० रुपयांची आहे आणि ८,००० ब्रासला संपते. ब्रासला साडेसात रुपये पडले. दुसरी ८०,००० ची आहे आणि १४,००० ब्रास काढते. तिचे ब्रासला पाच रुपये सत्तर पैसे पडले. महाग दिसणारी प्लेट स्वस्त ठरली. त्यात प्लेट बदलताना प्लांट बंद राहतो, तो तोटा अजून धरलेला नाही. प्लेट खालच्या टोकाला आधी झिजते, म्हणून ती वेळेत उलटी करून बसवली की आयुष्य वाढते. ज्या दिवशी प्लेट बसवली त्या दिवसापासून ब्रासची नोंद वहीत ठेवावी. वही नसेल तर फाउंड्रीवाल्याशी बोलताना आपल्या हातात काहीच नसते.

कारागीर बंधूंसाठी दोन गोष्टी. मँगनीज स्टीलवर वेल्डिंग करताना ते फार तापू देऊ नये. थोडे थोडे काम करावे, थंड होऊ द्यावे आणि त्याच जातीचा रॉड वापरावा. साध्या पोलादासारखे आधी तापवून वेल्डिंग केले, तर प्लेट ठिसूळ होते आणि दोष मात्र फाउंड्रीवर जातो.

दुसरी गोष्ट टॉगल प्लेटची. ही प्लेट म्हणजे मशीनचा फ्यूज आहे. पोकलेनचा दात किंवा लोखंडाचा तुकडा जबड्यात गेला, तर टॉगल मोडावी आणि बाकी मशीन वाचावी, अशीच तिची रचना असते. ती वारंवार मोडते म्हणून मालक म्हणतो, "जाड करून दे." कारागिराने तसे करू नये. टॉगल मोडली नाही तर पुढे शाफ्ट, बेअरिंग किंवा बॉडी मोडते, आणि दुरुस्ती हजारांतून लाखांत जाते. टॉगल सारखी मोडत असेल, तर पट्ट्यावर लोखंड पकडणारा चुंबक आहे का आणि सेटिंग फार घट्ट आहे का, ते आधी पाहावे. मात्र टॉगल मोडून वाचलेले मँगनीजचे तुकडे चुंबकाच्या हाती लागत नाहीत, त्यासाठी पट्ट्यावर धातू ओळखणारे यंत्र लागते.

नवी की जुनी?

जुनी मशीन घेणे वाईट नाही. आपल्या कितीतरी यंत्रमागवाल्यांनी जुन्या मागांवरच संसार उभे केले. पण जुनी मशीन पाहण्याची रीत हवी.

ती रिकामी फिरवून पाहू नये. रिकामी मशीन सगळ्यांचीच गोड चालते. पूर्ण पाळीभर दगड घालून चालवायला सांगावे. दर तासाला बेअरिंगच्या घरावरचे तापमान मोजावे. ते वाढतच राहिले, थांबले नाही, तर बेअरिंग जाण्याच्या मार्गावर आहे. बेअरिंग कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या नंबरचे हे उघडून पाहावे, कारण मोठ्या बेअरिंगची किंमत मशीनच्या सौद्यात मोठा फरक पाडते आणि बाजारात नकली मालही येतो.

बॉडीच्या वेल्डिंगच्या सांध्यांवर, विशेषतः बेअरिंगच्या घराजवळ आणि मागच्या भिंतीवर, ताजा रंग दिसला तर तो खरवडावा. लाल द्रव लावून तडा दाखवणारी डाय तपासणी स्वस्त असते, ती करून घ्यावी. शाफ्ट डायल लावून तपासावा. टॉगल ज्या खाचेत बसते ती किती खाल्ली आहे ते पाहावे. आणि मालक मशीन का विकतो आहे, हे त्याला न विचारता त्याच्या फिटरला विचारावे.

सुटे भाग हा जुन्या-नव्या दोन्हींसाठी कसोटीचा मुद्दा आहे. परदेशी मशीन स्वस्तात आली आणि तिचे लायनर तीन महिन्यांनी बंदरात उतरले, तर ती मशीन स्वस्त नव्हे. विकणाऱ्याला विचारावे : प्लेट किती दिवसांत? शाफ्ट किती दिवसांत? आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात तुमच्या कोणत्या मशीन पाच वर्षांहून जास्त काळ चालू आहेत? त्या ठिकाणी स्वतः जाऊन यावे, विकणाऱ्याला बरोबर न नेता.

उभ्या मशीनची किंमत

खात्रीची मशीन महाग का परवडते, हे एका हिशेबाने दाखवतो. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा दोन मशीनच्या किमतीत १२ लाखांचा फरक आहे. प्लांट रोज १०० ब्रास काढतो. वीज, डिझेल, सुरुंग, रॉयल्टी, झीज हे सर्व वजा जाता ब्रासमागे ४०० रुपये उरतात. त्यातूनच पगार, हप्ते आणि नफा निघायचा आहे. प्लांट एक दिवस उभा राहिला की ४०,००० गेले. स्वस्त मशीन महागड्या मशीनपेक्षा महिन्याला फक्त तीन दिवस जास्त उभी राहिली, तर महिन्याला १,२०,००० गेले. म्हणजे दहा महिन्यांत १२ लाखांची बचत संपली आणि अकराव्या महिन्यापासून ती मशीन आपल्याला खाऊ लागली. शिवाय ज्या ठेकेदाराला वायद्यावर माल मिळाला नाही, तो दुसरीकडे गेला. तो तोटा कोणत्याच वहीत चढत नाही.

कागद पक्का करा

ओळखीवर आणि तोंडी शब्दावर कापडाचे ठाण उधार देता येते, क्रशर घेता येत नाही. भागीदारीत घेत असाल तर आधी भागीदारांत लेखी करार करा. कोण किती घालणार, बिघाड झाला तर पैसे कोण काढणार, बाहेर पडायचे तर मशीनची किंमत कशी धरायची, हे सर्व त्यात यावे.

विकणाऱ्याशी करार करताना या गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्या खाणीचा दगड त्याला नमुन्यासाठी दिला आहे आणि त्याच दगडावर, अमुक सेटिंगवर, ताशी अमुक टन माल व अमुक युनिट वीज अशी हमी आहे. चाचणी आपल्या जागेवर सलग काही पाळ्या होईल. रकमेचा काही भाग, दहा टक्के तरी, चाचणी उतरल्यावरच दिला जाईल. पायाचे नकाशे, बेअरिंगचे नंबर, सुट्या भागांची यादी आणि त्यांचे दर मिळतील. बिल पक्के जीएसटीचे असेल, कारण यंत्रसामग्रीवर भरलेल्या कराची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते आणि कच्च्या बिलात ती बुडते.

आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परवान्यांची बाजू पाहावी. जागा, खाणपट्टा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती यांपैकी एक जरी अडकले, तरी उत्तम मशीन ताडपत्रीखाली गंजत बसते.

धूळ : हिशेबातला माणूस

आता सर्वात महत्त्वाचे. गारगोटी, ग्रॅनाइट, वाळूचा दगड यांच्या धुळीत मोकळी सिलिका असते. ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि या रोगाला बरे करणारे औषध नाही. काळ्या पाषाणात मोकळी सिलिका कमी, म्हणून धोका कमी. पण तीही धूळच आहे आणि ती रोज आत जाते.

गुजरातमधील गोध्रा भागात गारगोटी दळण्याचे कारखाने होते. मध्य प्रदेशच्या अलिराजपूर, झाबुआ भागातील आदिवासी मजूर तिथे कामाला जात. गावी परतल्यावर ते दम लागून एकामागून एक मरू लागले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. ती रक्कम गुजरात सरकारने द्यावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. ते कारखानेही कोणीतरी दरपत्रके पाहूनच उभे केले होते. मशीन माल देत होत्या. धूळ अडवण्याची सोय मात्र खर्चात धरलेली नव्हती.

तोंडाला रुमाल बांधला की झाले, असे पुष्कळांना वाटते. कापडाचा व्यापारी म्हणून खात्रीने सांगतो, साध्या कापडाची वीण कितीही दाट असली तरी ही धूळ तिच्यातून जाते. फुफ्फुसाच्या तळाशी पोचणारा कण डोळ्यांना दिसतही नाही. त्यासाठी धूळ मशीनपाशीच अडवावी लागते. क्रशरच्या तोंडाशी आणि पट्टा जिथे माल टाकतो तिथे पाण्याचे बारीक फवारे, चाळणीला पूर्ण झाकण, भोवती वारा अडवणारी भिंत, आतला रस्ता पक्का आणि ओला, कडेने झाडे. कोरडी भुकटी दळायची असेल तर बंद यंत्रणा आणि धूळ ओढून घेणारे बॅग फिल्टर याला पर्याय नाही. कामगाराला मास्क द्यायचा तो कारखान्यात वापरायचा, प्रमाणित.

पर्यावरण संरक्षण नियमांतही क्रशरसाठी हेच उपाय सांगितले आहेत आणि यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये अशी मर्यादा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये खडी क्रशरसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. म्हणून दरपत्रक मागताना विचारावे, "धूळ अडवण्याची यंत्रणा या किमतीत आहे की वेगळी?" वेगळी असेल तर तिची किंमत मिळवूनच दोन मशीनची तुलना करावी. ज्याने ती वगळून भाव कमी दाखवला आहे, त्याने स्वस्त मशीन दिलेली नाही. त्याने खर्च आपल्या मजुराच्या छातीवर टाकला आहे.

सौद्याला बसण्यापूर्वी

थोडक्यात, पुढील प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्याशिवाय सौद्याला बसू नये.

१. माझ्या खाणीचा दगड प्रयोगशाळेत तपासला आहे का? त्यात गारगोटी किती, माती किती?

२. मी कोणत्या मापाचा माल, रोज किती ब्रास, कोणाला विकणार आहे?

३. सुरुंगातून निघणारा सर्वात मोठा दगड मशीनच्या तोंडात सुखाने जातो का?

४. हमीचा आकडा माझ्या दगडाचा आणि माझ्या सेटिंगचा आहे का?

५. वीज आणि झीज मिळून ब्रासला किती पडते?

६. सुटा भाग किती दिवसांत हातात येतो?

७. याच जातीच्या दगडावर पाच वर्षे चाललेली हीच मशीन मी डोळ्यांनी पाहिली आहे का?

८. धुळीची व्यवस्था किमतीत आहे का?

आठही उत्तरे हातात आली की मग कंपनीचे नाव विचारावे. तोवर बहुतेक नावे आपोआप गळून पडलेली असतात. उरलेल्या एक-दोघांशी भाव करताना आपण काय घेत आहोत हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते समोरच्यालाही कळते.